परळची पाडळ आणि ताईची बकुळ

भाकरी थापत ऐकत असाल तर तव्याकडं लक्ष असू द्या, मी काही पळून जात नाही.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, वही मिटली, चहा आला. तेवढ्यात एकीनं विचारलं, "शाळेच्या रस्त्याच्या चिंचांवर ते पांढरे आकडे कुणी घातलेत?" कुणालाच ठाऊक नव्हतं. एक म्हणाली जनगणना असेल. दुसरी म्हणाली, झाडांची कसली जनगणना! दोन दिवसांनी कळलं, रस्ता रुंद होणार आहे. ज्या झाडाला आकडा, ते झाड आड येतंय.

तेव्हापासून माझ्या डोक्यात मुंबई घोळतेय. तुम्ही म्हणाल, झाडांचं बोलायला मुंबईच मिळाली का? तिथं तर सगळं सिमेंट. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटायचं. पण तिथल्या झाडांची गोष्ट ऐकल्याशिवाय आपल्या चिंचांचं काय करायचं ते मला सुचलं नसतं, म्हणून आज ती सांगते.

माझी थोरली बहीण लग्न होऊन परळला गेली. दाजी गिरणीत होते. आपल्या माण-खटावातली कितीतरी घरं तशी गेली. दुष्काळानं पोटाला मिळेना, मग गिरणी. १९८२ च्या संपानंतर बरेचजण परत आले, ताई-दाजी मात्र चाळीतच राहिले. गेल्या वर्षी ताईची लेक बाळंत झाली तेव्हा मी मदतीला गेले होते. घरात दशमूलारिष्टाची बाटली होती. बाळंतिणीला देतात ते, तुम्हाला माहीतच आहे. बाळ झोपलं की मला दुसरं काम नसायचं, म्हणून मी बाटलीवरची नावं वाचत बसायची. दहा मुळं, त्यातली पाच झाडांची. बेल, टेंटू, शिवण, ऐरण आणि पाडळ.

शेजारच्या खोलीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांनी मला वाचताना बघितलं आणि म्हणाल्या, "पाडळ बघितलीय कधी?" मी म्हटलं, नाही. तर म्हणाल्या, "तुम्ही तिच्यातच बसलायत की!"

परळ हे नाव पाडळ किंवा परळ या झाडावरून आलं, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. गॅझेटियर म्हणजे इंग्रजांनी जिल्ह्याजिल्ह्याची माहिती लिहून काढली, ते जाडजूड ग्रंथ. पाडळीचं फूल कर्ण्यासारखं असतं आणि त्याला वास असतो. इथं ती झाडं एवढी असतील की वस्तीला तेच नाव पडलं. मी राहिले तेवढ्या दिवसांत परळभर फिरले, मला एकही पाडळ दिसली नाही. नाव तेवढं उरलंय, तेही स्टेशनच्या पाटीवर.

मग बाईंनी मला नावं उलगडून दाखवायला सुरुवात केली. चिंचपोकळी म्हणजे चिंचांचा खोलगट भाग. चिंचबंदर ही चिंचेचंच. वडाळा वडाचा. उंबरखाडी म्हणजे खाडी आणि तिच्याकाठी उंबर. ताडदेवला ताड, फणसवाडीला फणस. भेंडीबाजार म्हटलं की आपल्याला भाजीतली भेंडी आठवते, पण ती नव्हे. भेंडीचं मोठं झाड असतं, पिंपळासारख्या पानांचं, पिवळ्या फुलांचं. ते समुद्राकाठी भरपूर वाढतं आणि तशी झाडं तिथं रांगेनं होती. भायखळा या नावाचा एक अर्थ बहाव्याजवळचं खळं असा दिलाय. खळं म्हणजे तेच, जिथं आपण मळणी करतो. आज भायखळ्यात गाड्यांचे भोंगे ऐकून कान किटतात, आणि तिथं कुणीतरी बहाव्याच्या सावलीत धान्य उपणत होतं! मला तर हे ऐकून मुंबई एकदम ओळखीची वाटायला लागली. आपल्याकडं नाही का, पळशी, जांभुळणी, वडगाव, पिंपरी, चिंचोली? माणसं गाव वसवताना आधी झाडच बघत होती, मग ते गाव पुढं कितीही मोठं होवो.

आता फुलांचं सांगते. मुंबईत फुलणारी झाडं किती, याचा मला पत्ता नव्हता. आपण जातो ती कामाला किंवा दवाखान्याला. मान वर करून कोण बघतं? दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' नावाचं पुस्तक आहे. त्यात बारा महिन्यांत झाडं, फुलं, आभाळ कसं बदलतं ते आपल्या मराठी महिन्यांच्या हिशेबानं लिहिलंय. बाईंनी मला ते वाचायला दिलं, आणि त्यांनी स्वतः जे बघितलेलं ते तोंडी सांगितलं. त्यातलं थोडं तुम्हाला सांगते.

माघ-फाल्गुनात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात काटेसावर, पांगारा, पळस फुलतात. हे उद्यान म्हणजे शंभर चौरस किलोमीटरचं जंगल आहे, शहराच्या कडेलाच. आत आदिवासी पाडे आहेत. बिबटे आहेत. सावरीचं लालभडक फूल आपल्याला माहीत आहे, तिचा कापूस उशीत भरतात. चैत्र-वैशाखात बहावा. पिवळे घोस झुंबरासारखे लोंबतात. बहावा फुलला की दीड महिन्यानं पाऊस, असं जुनी माणसं म्हणतात. आपल्या माणदेशात मात्र बहाव्यानंसुद्धा कितीदा फसवलंय, ते सोडा. त्याच सुमाराला तामण फुलतं, जांभळट गुलाबी, चुरगळलेल्या क्रेप कापडासारख्या पाकळ्यांचं. तामण हे आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल आहे आणि ते नेमकं महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे फुलतं. मी पंधरा ऑगस्टला आणि एक मेला शाळेत झेंड्याला जात आले इतकी वर्षं, पण राज्यफूल कुठलं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात कदंब, गोल पिवळ्या चेंडूंचा. पाऊस सरला की सातवीण. तिचा वास रात्री एवढा उग्र येतो की कुणाला तो आवडतो, तर कुणी खिडक्या लावून घेतं. मग थंडीच्या तोंडाला बुचाचं झाड, म्हणजे आकाशनिंब. पांढरी लांब दांड्यांची फुलं सकाळी रस्त्यावर पडलेली असतात आणि पोरी ती एकमेकींत गुंफून बिनदोऱ्याच्या वेण्या करतात.

ही झाली आपल्या देशातली, किंवा इथं पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली. पण मुंबईच्या रस्त्यावर मे महिन्यात सगळ्यात जास्त जी दिसतात ती तीन झाडं परदेशातली आहेत, आणि हे ऐकून मला जरा धक्का बसला. गुलमोहर आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावरचा. मुंबईत तो १८४० च्या सुमाराला शिवडीला पहिल्यांदा दिसल्याचं सांगितलं जातं. म्हणजे आपल्या खापरपणजीनं गुलमोहर बघितलाच नसेल. आज साताऱ्यात एक मेला गुलमोहर दिन साजरा करतात, एवढा तो आपला झालाय. दुसरा सोनमोहर, त्याला पीतमोहरही म्हणतात. तो श्रीलंका आणि त्याच्या पूर्वेकडच्या देशांतला. त्याच्या फुलांनी रस्ता हळद सांडल्यासारखा पिवळा होतो. तिसरा पर्जन्यवृक्ष, दक्षिण अमेरिकेकडचा. हा फार मोठा पसरतो, छत्रीसारखा. त्याची फुलं गुलाबी रेशमाच्या गोंड्यासारखी असतात. संध्याकाळी तो पानं मिटतो. शेंगा गोड असतात. शेळ्यांना, गुरांना त्या फार आवडतात. मुंबईत खायला शेळ्या नाहीत, म्हणून त्या चिकट होऊन रस्त्यावर पडून राहतात.

बाहेरची म्हणून ती वाईट, असं मी म्हणणार नाही. मिरची बाहेरचीच की! पण शहरानं लावताना झटपट सावली बघितली, मुळं बघितली नाहीत. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरणारी. पावसाळ्यात वारं सुटलं की फांद्या मोडतात, आणि दरवर्षी झाड पडून माणूस मेल्याची बातमी येते. मग लोक झाडाला दोष देतात. खरं तर त्याच्या मुळाशी काय केलं ते बघायला हवं. त्याच्याकडं मी येणार आहे.

शहराला झाडं कुणी लावली हेही विचारलं पाहिजे. काही सरकारनं लावली, काही नाही. १८९६ ला मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या वस्तीत माणसं पटापट मेली. त्यानंतर मोकळी हवा मिळावी म्हणून नव्या वसाहती आखल्या गेल्या. दादर, माटुंगा त्यातलेच. दादरच्या पारशी कॉलनीत मंचेरजी जोशी नावाच्या इंजिनिअर गृहस्थांनी रस्त्यारस्त्याला झाडांच्या रांगा लावून घेतल्या. तिथं आजही भर उन्हात चालता येतं. एका साथीतून ती सावली उभी राहिली.

पण मला सगळ्यात जास्त आवडली ती राणीच्या बागेची गोष्ट. भायखळ्यालाच आहे ती, म्हणजे बहाव्याच्या खळ्याच्या गावात. १८६२ ला ती बाग लोकांसाठी उघडली. आता तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. लोक तिथं पेंग्विन बघायला जातात, पोरांना प्राणी दाखवायला जातात. मीही एकदा पोरांना घेऊन गेले होते आणि उन्हानं डोकं दुखतंय म्हणून एका झाडाखाली बसले. कुठल्या झाडाखाली, ते बघितलंसुद्धा नाही.

खरं तर ती बाग झाडांसाठीच लावलेली. पन्नासच्या वर एकर जागा, तीन हजारांच्या आसपास झाडं, आणि ती अडीचशेहून जास्त जातींची. तिथं सीतेचा अशोक आहे. म्हणजे खरा अशोक, केशरी फुलांचा. आपण बंगल्यापुढं उंच सरळ वाढणारा लावतो तो खोटा. तिथं कैलासपती आहे, ज्याची फुलं फांदीला न येता खोडालाच येतात, आणि फुलाच्या आत पिंडीवर नागानं फणा धरावा तशी ठेवण असते. तिथं उर्वशी नावाचं झाड आहे, मूळ ब्रह्मदेशातलं. त्याची लाल फुलं लोंबती असतात आणि फार थोड्या ठिकाणी ते तग धरतं. आफ्रिकेतली गोरखचिंचही आहे. तिचं खोड एवढं जाड असतं की आपल्या गटातल्या सगळ्याजणींनी हात धरले तरी मिठी पुरायची नाही.

साधारण २००७ च्या सुमाराला तिथल्या प्राणिसंग्रहालयाचं मोठं नूतनीकरण करायचं ठरलं. शेकडो कोटींचा आराखडा. नव्या इमारती, नवे पिंजरे, नवे रस्ते. कागदावर सगळं छान दिसत होतं. पण त्या बागेत रोज सकाळी फिरायला, झाडं बघायला जाणाऱ्या काही बायका होत्या. त्यांना वाटलं, एवढं सगळं बांधायचं तर झाडांचं काय? त्यांनी काय केलं बघा. मोर्चे नंतर. आधी त्यांनी वह्या घेतल्या. कुठं कुठलं झाड आहे, त्याचं नाव काय, ते किती दुर्मीळ आहे, हे त्या लिहून काढायला लागल्या. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्यांना बरोबर घेतलं. आराखड्याचा नकाशा मागवला आणि आपली झाडं त्यावर ठेवून बघितली. मग कळलं, कुठं काय जाणार.

नकाशात झाड नसतंच, मैत्रिणींनो. हे मला तेव्हा समजलं. इंजिनिअर साहेब नकाशा काढतात त्यात रस्ता असतो, गटार असतं, भिंत असते. झाडाची जागा कोरी असते. साहेबाला झाडाशी वैर नसतं, त्याला ते दिसतच नाही. ते दाखवावं लागतं, नावासकट आणि जागेसकट.

त्या बायकांनी सह्या गोळा केल्या, वारसा जपणाऱ्या समितीपुढं कागद ठेवले, वर्तमानपत्रांना माहिती दिली, पत्रं लिहिली. हे काही एक-दोन महिन्यांत झालं नाही. वर्षं गेली. शेवटी तो अवाढव्य आराखडा बराच आटोपता घ्यावा लागला. बागेला १५० वर्षं झाली तेव्हा त्यांनी तिच्यावर पुस्तकही काढलं. सगळं त्यांच्या मनासारखं झालं असं नाही, पुढंही कुरबुरी चालूच राहिल्या. पण ती उर्वशी जिथं होती तिथंच फुलली.

आणि जिथं असं झालं नाही, ते आरे कॉलनीत सगळ्यांनी बघितलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीत झाडं तोडायला सुरुवात झाली. लोक धावले, पाड्यावरच्या आदिवासी बायका धावल्या, कित्येकांना पोलिसांनी धरलं. सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली, पण तोवर दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती. पडलेलं झाड काही कोर्ट उभं करू शकत नाही.

आता ताईच्या चाळीकडं येते. चाळीच्या दाराशी एक बकुळ आहे. चांगली जुनी. दाजी पहिल्यांदा मुंबईला आले तेव्हाही ती होती, म्हणजे पन्नास वर्षं तरी झालीच. चैत्रात पहाटे फुलं पडायला लागली की चाळीतल्या बायका पाण्याला रांगेत उभ्या राहतानाच ती वेचायच्या. बकुळीचं फूल सुकलं तरी वास जात नाही. ताईच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूत, अजून सुकी बकुळफुलं आहेत. मला दरवर्षी ती एस.टी.नं येणाऱ्या कुणाबरोबर तरी पुडी पाठवायची.

मी गेले तेव्हा त्या बकुळीची पानं पिवळी पडलेली होती. एक फांदी वाळलेली. मी म्हटलं, कीड लागली का? कारण किडीचंही मी ऐकून होते. मुंबईत मध्यंतरी शेकडो पर्जन्यवृक्ष वाळून गेले, त्यांच्यावर पिठ्या ढेकूण आढळला. आपण कपाशीवर, सीताफळावर बघतो तसलाच पांढरा, पीठ शिंपडल्यासारखा. पण बकुळीवर तसं काही नव्हतं. बाई म्हणाल्या, "वर बघू नका, खाली बघा."

खाली बघितलं तर पदपथाचं सिमेंट थेट खोडाला भिडलेलं. बोटभरही माती नाही. मला सांगा, आपण रोपाला आळं करतो ते कशाला? पाणी मुरावं म्हणून. मुळालाही हवा लागते. आणि इथं त्या बकुळीच्या गळ्याभोवती सिमेंटचा फास. वरून पाऊस हजारो मिलिमीटर पडतो मुंबईत, आपण ज्याच्यासाठी डोळे लावून बसतो तो, आणि झाडाला त्यातला थेंब मिळत नाही! सगळा गटारात. मग मुळं कुजतात, एका बाजूनं फांद्या छाटलेल्या असतात तिथं तोल जातो, आणि एक दिवस वाऱ्यात झाड पडतं. वर मी म्हटलं ना, मुळाशी काय केलं ते बघायला हवं, ते हे. दिल्लीत २०१३ साली हरित न्यायाधिकरणानं हुकूम दिला की झाडाच्या भोवतालचं एक मीटरपर्यंतचं सिमेंट काढा. एक मीटर म्हणजे आपला एक हात लांब केला तर खांद्यापासून बोटापर्यंत आणि वर थोडं. एवढी माती मागायला सुद्धा कोर्टात जावं लागलं.

चाळीतल्या बायकांनी अर्ज केला. ज्या कचेरीचं काम होतं तिथं तो महिनाभर पडून राहिला. मग त्या दहाजणी एकदमच गेल्या. ताई सांगत होती, साहेब म्हणाले, "एका झाडासाठी एवढ्याजणी?" तर बाई म्हणाल्या, "साहेब, एवढ्याजणींसाठी एकच झाड आहे." पुढच्या आठवड्यात माणसं आली, खोडाभोवतीचं सिमेंट फोडून गेली. राडारोडा तसाच टाकून गेली म्हणा. तो बायकांनीच उचलला, आणि माती कुठून आणली असेल? ताईनं गावाहून येणाऱ्या भाच्याला सांगून एक पोतं शेणखत मागवलं. आपल्या गोठ्यातलं! एस.टी.च्या डिकीत घालून. कंडक्टरनं त्याचं लगेज लावलं.

कायद्याचं थोडं सांगते, कारण ते आपल्याला लागणार आहे. शहरांसाठी १९७५ चा झाडं जपण्याचा कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. तोडायचं असेल तर झाडावर नोटीस लावावी लागते आणि लोकांना हरकत घेता येते. मुदत मात्र थोडकीच असते, म्हणून नोटीस दिसली की त्याच दिवशी हलायला लागतं. २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता वारसा वृक्ष धरतात. आणि झाड तोडायचीच वेळ आली तर त्याचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची. ऐंशी वर्षांच्या झाडाला ऐंशी रोपं. ऐकायला बरं वाटतं. पण ऐंशी रोपांच्या सावलीत आज एक कोंबडीसुद्धा बसत नाही, आणि ती रोपं जगली का हे बघायला पुढच्या उन्हाळ्यात कोण जातं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. उपटून दुसरीकडं लावलेली मोठी झाडंही पुष्कळदा वाळतात. मुंबईत झाडांची मोजणी झाली तेव्हा आकडा निघाला सुमारे २९ लाख ७५ हजार. म्हणजे त्या बैठकीतल्या आमच्या बाईला मी सांगितलं, झाडांचीही जनगणना असते हो!

हा शहरांचा कायदा आपल्या ग्रामपंचायतीला लागू नाही. आपल्याकडं १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम आहे. त्यात ठरावीक जातींची झाडं परवानगीशिवाय तोडायला बंदी आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, साग, चंदन ही त्यातली. चिंच आहे, बघा. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत एक जैवविविधता समिती असायला हवी, तिच्यात बायका असायला हव्यात, आणि तिनं गावातल्या झाडाझुडपांची, जनावरांची नोंदवही ठेवायला हवी. आमच्या गावची ती वही मी ग्रामसेवकांकडं मागितली. कपाटाच्या वरच्या खणात होती, धूळ झटकून दिली. त्यात शाळेच्या रस्त्याबद्दल एक ओळ आहे. "रस्त्याच्या दुतर्फा झाडे." बस.

म्हणून गेल्या रविवारी आम्ही सातजणी निघालो. एकीकडं शिवणकामाची टेप, एकीकडं पोराची चित्रकलेची वही. झाडाचा घेर छातीच्या उंचीला मोजायचा, असं बाईंनी फोनवर सांगितलं. ओढ्यापासून शाळेपर्यंत चिंचा एकवीस निघाल्या, लिंब नऊ, वड दोन, एक पिंपरण आणि एक झाड आम्हा कुणालाच ओळखता आलं नाही. त्याचं पान आम्ही वहीत दाबून ठेवलंय. आकडे घातलेली झाडं चौदा. त्यातली अकरा चिंचा. गेल्या हंगामात त्या चिंचा फोडून आमच्या गटातल्या चौघींनी शाळेची फी भरली, तेही आम्ही पुढं लिहिलं. कुठल्या झाडाखाली भाजीवाल्या बसतात, कुठल्या झाडाखाली पोरं एस.टी.ची वाट बघतात, तेही. सगळी चौदा वाचतील असं मी म्हणत नाही. रस्ता आपल्यालाही हवाच आहे. बाळंतीण अडली तर जीप वेळेत पोचायला हवी. पण रस्ता एका अंगाला चार फूट सरकवला तर नऊ झाडं वाचतात, हे आम्ही दोरी धरून मोजलंय आणि नकाशावर काढलंय.

ग्रामसभेत हा विषय येणार आहे. वही घेऊन आम्ही पहिल्या रांगेत बसणार. आत अडलंय ते एवढंच. झाडं किती वर्षांची, हे लिहायचा रकाना रिकामा आहे. कुणी म्हणतं पन्नास, कुणी शंभर. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याचं काम निघालं होतं, खडी फोडायला आपल्या सासवा, आया गेल्या होत्या. त्या दुपारी भाकरी खायला कुठल्या चिंचेखाली बसायच्या? तेव्हा ती केवढी होती, कवेत मावायची की नाही? तुमच्या घरात कुणी म्हातारी असेल तर आज रात्री जेवताना तिला एवढं विचारा, आणि काय म्हणते ते मला रेडिओवर फोन करून सांगा.